आजी गेली तेव्हा रडू आलं नाही, गोष्टीतली आजी गेली तेव्हा आलं

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारी २७ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. आई-वडिलांच्या सारख्या बदल्या, म्हणून पहिली ते दहावी ती कोल्हापूर जिल्ह्यात आजोळी, आजीजवळ राहिली. आजी ८४ व्या वर्षी गेली, त्याला सात महिने झाले. ऑफिसातून दोन दिवस रजा मिळाली. तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन ‘मोआना’ बघत होती, त्यातली आजी गेली आणि ही तासभर रडत बसली. तेव्हापासून ती शोधून शोधून आजी-आजोबांच्या गोष्टी वाचते आहे. नवरा म्हणतो, खऱ्या माणसासाठी रडली नाहीस आणि कार्टूनसाठी रडतेस. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही आजीशी प्रतारणा आहे का? मी तिची जागा दुसऱ्या कुणाला देतेय का? आणि वाचायचंच तर काय वाचू? पत्राच्या शेवटी एक ओळ आजीच्या लुगड्यांबद्दल आहे, तिच्याकडे शेवटी येते.

मी २३ वर्षं समुपदेशनाचं काम करते, आणि त्यातला मोठा भाग घरातलं माणूस गेलेल्यांसोबत गेला आहे. वयानं तुझ्या आईएवढी आहे, म्हणून तुला तू म्हणते.

प्रतारणा अजिबात नाही. तू रडलीस ती आजीसाठीच. सात महिने उशिरा का, ते सांगते.

तू त्या दिवशीचं जे वर्णन केलं आहेस ते पुन्हा वाचून बघ. दुपारी दोनला पोचलीस. ओसरीवर बायका. ‘सोनं झालं’, ‘हिंडत्या-फिरत्या गेल्या’, ‘कुणाला करायला लावलं नाही’. आई कोसळलेली, मामा गप्प, आजोबा भिंतीला टेकून. आणि तुला कुणीतरी म्हणालं, ‘तू शहाणी आहेस, जरा चहाचं बघ.’ तू चहाचं बघितलंस. दहाव्यापर्यंत चहाचंच बघत होतीस. दुःख करायचा मान त्या घरात आधी आजोबांचा, मग मुलांचा, मग सुनांचा. नातीची पाळी आलीच नाही. त्यातून तू लेकीची लेक. आजोळच्या माणसाचं सुतकसुद्धा आपल्याकडे कमी दिवसांचं. दहा वर्षं जिच्या कुशीत झोपलीस तिच्यासाठी तुला कागदावर मिळालं ते एवढंच: दोन दिवस रजा.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलं. मराठीत मी त्याला ‘मान्यता न मिळालेलं दुःख’ म्हणते. तोटा खरा असतो, पण भोवतालचे लोक त्याला तोटा मानत नाहीत, म्हणून माणसाला तो उघड करायला जागा राहत नाही. माझ्याकडे येणारी नातवंडं जवळजवळ सगळी पहिल्या दहा मिनिटांत माफी मागतात. ‘तशी आजीच होती, वय झालं होतं, पण...’ त्या ‘पण’च्या पुढे काय आहे ते ऐकायला मी बसलेली असते. वय झालं होतं हे मरणाचं कारण झालं. त्यानं तुझं दुःख कमी का व्हावं? उलट हिशेब केलास तर तुझ्या आयुष्यात आजी नव्हती असा एकही दिवस याआधी उगवला नव्हता.

आता ‘मोआना’. २०१६ चा हा चित्रपट मीही पाहिला आहे, माझ्याकडे येणाऱ्या एका मुलामुळे. त्यातल्या ताला आजीच्या पाठीवर मोठ्या पाकट माशाचं गोंदण आहे आणि मेल्यावर मी हाच होऊन येणार, असं ती नातीला सांगून ठेवते. ज्या रात्री नात होडी घेऊन निघते त्याच रात्री ती जाते, आणि उजेडाचा एक पाकट होडीखालून पोहत नातीला खडकांपलीकडे खुल्या समुद्रात नेऊन सोडतो. तू नेमकी तिथे फुटलीस.

तुझ्या पत्रात कंसात टाकलेलं एक वाक्य आहे. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला, सगळ्यांनी हुश्श केलं, ‘काही इच्छा राहिली नव्हती हो’ असं म्हणाले, आणि तुझ्या पोटात काहीतरी तुटलं: म्हणजे माझ्यात तिचा जीव अडकला नव्हता? त्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मला हे वाटतं, आणि ते तू कंसात ठेवलंस. नदीकाठी विचारतात ते गेलेल्याची इच्छा राहिली का. नातीची काही इच्छा राहिली का, हे विचारायची रीत नाही. पडद्यावरची आजी मेल्यावर आधी नातीकडे आली. तुला जे पाहायचं होतं ते तुला भाच्याशेजारी, सोफ्यावर बसून दिसलं. त्यावर तासभर रडणं मला थोडंच वाटतं.

उशिराबद्दल मला एक कादंबरी नेहमी आठवते. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच लेखकाच्या सात भागांच्या कादंबरीत निवेदकाची आजी मरते आणि तो ते बऱ्यापैकी कोरडेपणानं पार पाडतो. पुढे, १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भागात, तो त्याच समुद्रकाठच्या हॉटेलात पुन्हा जातो जिथे लहानपणी आजीबरोबर राहिला होता. पहिल्या रात्री थकलेला, बूट काढायला वाकतो. पहिल्या बटणाला हात लागतो आणि त्याला रडू कोसळतं. कारण याच खोलीच्या आसपास, अशाच थकलेल्या एका रात्री, त्याचे बूट काढायला आजी वाकली होती. तिला पुरून वर्ष उलटून गेलं होतं. ती गेली हे त्याला त्या क्षणी कळलं. माझ्या कामात मी याची कितीतरी रूपं पाहिली आहेत. एकीला मिसळणाच्या डब्यातल्या चमच्यानं कळलं. एकाला दिवाळीत उटणं लावायला कुणी हाक मारली नाही तेव्हा. तुला रात्री आठ वाजता कळायला हवं होतं, कारण तिचा ‘जेवलीस का’ हा फोन आठलाच यायचा. पण आठला तू ऑफिसच्या बसमध्ये असतेस आणि आजूबाजूला चाळीस माणसं असतात.

जागा दुसऱ्या कुणाला देतेय का, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी एका आजोबांकडून देते. मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडनं १९१७ च्या एका निबंधात असं मांडलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसात गुंतलेला जीव हळूहळू सोडवून घेणं, म्हणजे तो दुसरीकडे गुंतवता येतो. बरीच वर्षं आमच्या क्षेत्रात हेच शिकवलं गेलं. पण १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी गेली, आणि १९२३ मध्ये तिचा साडेचार वर्षांचा मुलगा, फ्रॉइडचा लाडका नातू. १९२९ मध्ये, सोफी असती तर ज्या दिवशी ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्यानं मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: तीव्र दुःख ओसरतं, पण बदली माणूस कधी मिळत नाही, ती पोकळी पुरती भरली तरी भरणारं ते काहीतरी वेगळंच असतं, आणि ते तसंच असायला हवं, कारण जे प्रेम सोडायचं नाही ते चालू ठेवायचा तोच एक मार्ग आहे. सिद्धान्त मांडणाऱ्यानं बारा वर्षांनी आजोबा म्हणून हे लिहिलं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी ‘चालू राहणारे बंध’, म्हणजे माणूस गेलं तरी त्याच्याशी नातं चालू राहतं, ही कल्पना पुस्तकरूपानं मांडली आणि तेव्हापासून आम्हीही ‘विसर आणि पुढे जा’ असं सांगणं सोडत आलो. आपल्याकडच्या बायकांना हे नवीन नाही. श्राद्धाच्या पानात सासूला आवडायची ती भाजी आठवणीनं वाढतातच.

आता वाचनाबद्दल, आणि इथे मला थोडं हट्टानं बोलायचं आहे. गोष्टीतली आजी आपल्या आजीसारखी आहे म्हणून बरं वाटतं, असं सगळे म्हणतात. ते पहिल्या दिवसापुरतं खरं. माझ्या अनुभवात खरा उपयोग दुसऱ्या ठिकाणी होतो: पुस्तकातली आजी काहीतरी करते आणि आपण मनात म्हणतो, छे, माझी आजी असं नसती वागली. तिथे थांबायचं. पुस्तक उपडं ठेवायचं. कारण त्या क्षणी तुझी आजी, सगळ्या आज्यांपासून वेगळी होऊन, दारात उभी राहिलेली असते.

प्रेमचंदांची १९३३ ची ‘ईदगाह’ तू शाळेत हिंदीला वाचली असशील. आई-बाप नसलेला हमीद, त्याची म्हातारी आजी अमीना, जत्रेला जाताना खिशात तीन पैसे. बाकीची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात. हा लोखंडी चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळ्या काढताना आजीची बोटं भाजतात. घरी आल्यावर अमीना आधी छाती पिटते, दुपार झाली, काही खाल्लं नाहीस आणि हे काय आणलंस म्हणून चिडते, आणि मग तिला रडू फुटतं. म्हातारी लहान मुलीसारखी रडते आणि हमीदला त्यातलं काही कळत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तिशीतला एक माणूस यायचा. आजीनं वाढवलेला. चार बैठकांमध्ये आजीबद्दल तो फक्त ‘खूप प्रेमळ होती’ एवढंच म्हणाला होता, आणि ते म्हणताना त्याचा चेहरा कोरा. त्याला ही गोष्ट वाचायला दिली. पुढच्या वेळी तो जवळजवळ भांडतच आला. ‘माझी आजी रडली नसती हो! तिनं आधी विचारलं असतं, केवढ्याला घेतलास. तीन पैसे म्हटल्यावर म्हणाली असती, दोनला देत होता, जा परत कर.’ आणि मग तो दीड तास बोलला. आजी बाजारात मेथीची जुडी कशी उलटी धरून झटकायची, दुकानदार तिला लांबून येताना बघून कसे सावध व्हायचे, शाळेची फी भरताना ती नोटा तीनदा कशा मोजायची. प्रेमळ हा शब्द पुन्हा आला नाही. त्याची गरज उरली नव्हती.

तुलाही हेच करायचं आहे. एक वही ठेव. गोष्टीचा सारांश लिहू नकोस, कोट उतरवू नकोस. फक्त ‘माझी असती तर’ यापुढचं लिही. दोन ओळी झाल्या तरी चालतील.

त्यासाठी मी तुझ्या हातात सगळ्यांत आधी प्रकाश नारायण संतांची लंपनची पुस्तकं देईन: ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. याच क्रमानं. आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, आणि कानडीचा शेजार असलेली सीमाभागातली मराठी. तुझ्या आजोळापासून तो मुलूख फार लांब नाही, त्यामुळे काही शब्द तुला थेट चुलीपुढून आल्यासारखे वाटतील. त्यातली माया बोलून दाखवलेली नाही. ती रोजच्या जेवणा-खाण्यात, हाका मारण्यात, रागावण्यात मुरलेली आहे. पहिल्या पुस्तकाच्या नावाकडे बघ. आजोळी राहणं म्हणजे आई-बाबांपासून दूर असणं, आणि तरी घर तेच होत जाणं, या दोन्ही गोष्टी एका पोरात एकाच वेळी नांदतात. तू लिहिलं आहेस की आजीकडे असताना आईसाठी रडायचीस आणि सुट्टीत आईकडे गेल्यावर आजीसाठी. हे मराठीत याहून नेमकं कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. रोज एकच कथा वाच. संपवायची घाई करू नकोस.

‘श्वास’ हा २००४ चा चित्रपट आजोबा आणि नातवाचा आहे. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, ती जायच्या आत आजोबा त्याला दवाखान्यातून घेऊन जातात, जग दाखवायला. सुंदर आहे, पण दवाखान्याची दृश्यं जड जातात. तुझ्या आजीचं शेवटचं आजारपण तू पाहिलेलं नाहीस, त्याची टोचणीही तुला आहे. तेव्हा हा एकटीनं बघू नकोस.

मामीचा विषय तू घाईघाईनं उरकलास. आजी तुझ्यावर जीव टाकायची आणि मामीला मात्र आयुष्यभर टोचून बोलली. आता तिच्या आठवणीनं रडताना मामी समोर असली की तुला चोरट्यासारखं वाटतं. यासाठी मॅक्झिम गॉर्कीचं ‘माझे बालपण’ वाच. ते आत्मचरित्र आहे, पण वाचताना कादंबरीच वाटतं. गोष्टी सांगणारी आजी सगळ्यांच्या लक्षात राहते. तू आजोबाकडे लक्ष दे. एक टेबलक्लॉथ रंगात बुडवला म्हणून तो नातवाला शुद्ध हरपेपर्यंत फटकावतो, आणि तोच पुढे त्याला अक्षरं शिकवतो. गॉर्की दोन्ही लिहितो आणि एकातून दुसरं वजा करत नाही. तुझ्या आजीबद्दल तुला तसं लिहिता आलं तर मामीशी बोलणंही सोपं जाईल. मामीनं तिची सोळा वर्षं सेवा केली आहे. तिचंही काहीतरी गेलंच आहे, आणि ते काय हे तिला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

इंग्रजी वाचतेस म्हणून टोव्हे यान्सन या फिनलंडच्या लेखिकेचं १९७२ चं ‘द समर बुक’ सुचवते. एक बेट, एक म्हातारी, तिची सहा वर्षांची नात सोफिया. मुलीची आई वारली आहे हे अख्ख्या पुस्तकात जेमतेम एका ओळीत येतं. बाकी दोघी भांडतात, कवळी शोधतात, शेवाळावरून चालतात. तू कधी मरणार, असं नात सरळ विचारते आणि आजी सरळ उत्तर देते. यान्सनची आई १९७० मध्ये गेली, त्यानंतरचं हे लेखन. मरण आजूबाजूला असताना दोघींनी दिवस कसा घालवला एवढंच त्यात आहे.

आणि रशियन लेखक चेखवची ‘वांका’ ही कथा. १८८६ ची, चार-पाच पानांची. मॉस्कोत चांभाराकडे कामाला ठेवलेला नऊ वर्षांचा पोरका मुलगा नाताळच्या आदल्या रात्री आजोबांना चोरून पत्र लिहितो, मला इथून घेऊन जा म्हणून. पाकिटावर पत्ता लिहितो: गावी, आजोबांना. मग डोकं खाजवून आजोबांचं नाव जोडतो आणि पत्र पेटीत टाकून येतो. ते पोचणार नाही हे आपल्याला कळतं, त्याला कळत नाही. ही वाचून झाल्यावर आजीला एक पत्र लिही. शेवटचा फोन तू मीटिंगमध्ये होतीस म्हणून उचलला नाहीस, ते त्यात लिही. मला जसं लिहिलंस तसं चार शब्दांत नको, सगळं लिही. वर मु. पो., तालुका, जिल्हा, सगळं घाल. पुढच्या वेळी आजोळी जाशील तेव्हा परड्यात बसून ते मोठ्यानं वाच. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच जणांनी हे केलं आहे आणि प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वाक्याला गेला.

एक काळजीची गोष्ट. शोकात माणूस कधी दुःखाकडे वळतं, कधी रोजच्या कामाकडे, आणि ही ये-जा चालू असणं चांगलं. श्ट्रोबं आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये हे नीट मांडलं आहे. तू रात्री वाचतेस, रडतेस, सकाळी डबा करून ऑफिसला जातेस, म्हणजे तुझी ये-जा चालू आहे. ती थांबली, म्हणजे झोप उडाली, जेवण तुटलं, पुस्तकाबाहेर यावंसंच वाटेना, किंवा मी फोन उचलला नाही म्हणून ती गेली असा विचार दिवसभर घोळू लागला, तर एकटीनं निभावू नकोस. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नवऱ्यालाही हे उत्तर वाचायला दे. तो वाईट बोलला असं मला वाटत नाही. तुला रडताना पाहून काय करावं हे त्याला सुचलं नसावं. त्याला म्हण, मला समजावू नकोस, रात्री आठला एक फोन कर आणि जेवलीस का एवढं विचार. तो आजीची नक्कल करतोय असं पहिल्या दिवशी वाटेल. दोन-तीन दिवसांनी तो त्याचा फोन होईल.

आता लुगडी. ट्रंकेत चार निघाली, मामी म्हणते वाकळ शिवून घेऊ, आणि तुला हो म्हणवत नाही, कारण धुतली की वास जाईल. तीन लुगड्यांची वाकळ शिवून घे. शिवताना मामीजवळ बस, टाके घाल, आजीबद्दल तिला बोलू दे, ती जे बोलेल ते. चौथं, तिनं शेवटी नेसलेलं, धुवू नकोस. कोरड्या सुती कापडात बांधून ठेव आणि त्यात डांबराच्या गोळ्या टाकू नकोस, वास मरेल.